क्रूझला निघण्यापूर्वी: पासपोर्ट, व्हिसा आणि ओळखपत्रांची तयारी

क्रूझचे आरक्षण करायचे ठरले की घराघरांत पहिली चर्चा होते ती खोलीला बाल्कनी घ्यावी की नुसत्या खिडकीवर भागवावे, याची. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्याआधी कंपनीकडून प्रवासाचा बंदरनिहाय तक्ता मागून घ्यावा, तो कागदावर उतरवावा आणि प्रत्येक बंदरासमोर देशाचे नाव लिहावे. विमानाने जाताना आपण एका देशातून निघून दुसऱ्या देशात उतरतो आणि तिथलीच कागदपत्रे दाखवतो. जहाज आठवडाभरात तीन-चार देशांत शिरते आणि बाहेर पडते, आणि त्या सगळ्या देशांसाठी लागणारी कागदपत्रे पहिल्याच धक्क्यावर, जहाजात पाऊल ठेवण्यापूर्वी तपासली जातात. मधल्या बंदरावर आम्ही उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहू, असे सांगून बहुतेक कंपन्या ऐकत नाहीत, कारण अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी एखाद्या देशाच्या बंदरात नेल्याचा जाब कंपनीला द्यावा लागतो. एका व्हिसाअभावी धक्क्यावरून परत फिरावे लागले, तर भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

मुंबई, गोवा आणि लक्षद्वीप

आपल्या आजोबांच्या पिढीला भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीत बसताना तिकीट आणि वळकटी एवढे पुरत असे. आता बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून, जे २०२५ मध्ये सुरू झाले, गोव्याला निघणाऱ्या प्रवाशालाही बंदराच्या हद्दीत शिरताना केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या तपासणीतून जावे लागते. जहाज केवळ भारतीय बंदरांना लागणार असेल, तर भारतीय नागरिकाला पासपोर्टची गरज नसते. छायाचित्र आणि पत्ता असलेले मूळ ओळखपत्र, म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक, सोबत असावे. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर निघू नये. मोबाइलमधले छायाचित्र किंवा झेरॉक्स हे मूळ ओळखपत्र नव्हे, हेही घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहून जाते. पाच वर्षांखालच्या मुलाला मिळणाऱ्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात आणि वयाच्या पाचव्या वर्षी ते अद्ययावत करून घ्यावे लागते. प्रत्यक्षात सात वर्षांचा मुलगा समोर उभा असतो आणि कार्डावर मात्र सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो असतो. आधार अद्ययावत करायला सवड नसेल, तर जन्मदाखल्याची मूळ प्रत बरोबर घ्यावी.

लक्षद्वीप भारतातच असले, तरी बाहेरच्या माणसाला तिथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, आणि हे १९६७ च्या नियमांपासून चालत आलेले आहे. तो परवाना बहुधा जहाज कंपनीच काढते, परंतु त्यासाठी तिला आपली माहिती बिनचूक आणि वेळेत मिळावी लागते. परदेशी नागरिकांना तिथली मोजकीच बेटे खुली आहेत, त्यामुळे परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर येणार असतील, तर आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावे. हेच जहाज पुढच्या फेरीत श्रीलंकेला जाणार असेल, तर ती फेरी आंतरराष्ट्रीय ठरते आणि तिथे आधार चालत नाही. त्या फेरीसाठी पासपोर्टच हवा.

पासपोर्टची मुदत आणि अवस्था

पासपोर्ट हाती घेऊन आधी त्याची अखेरची तारीख पाहावी आणि ती सहलीच्या शेवटच्या दिवसापासून मोजावी. समजा, जहाज २० डिसेंबर २०२६ रोजी परत येणार आहे, तर पासपोर्ट किमान २० जून २०२७ पर्यंत वैध असावा. काही देशांचा नियम याहून सैल आहे, तरी अनेक कंपन्या सरसकट सहा महिन्यांचीच अट लावतात. भारतीय प्रौढाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो. मुलांचा मात्र साधारणपणे पाच वर्षांचा किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा असतो, आणि घरातल्या चार पासपोर्टांपैकी नेमका धाकट्याचा संपत आलेला निघतो, त्याचे कारण हेच.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. छत्तीस पानांच्या पासपोर्टचे शुल्क प्रौढांसाठी १,५०० रुपये, साठ पानांच्या पासपोर्टचे २,००० रुपये आणि अल्पवयीनांसाठी १,००० रुपये आहे. तत्काळसाठी त्यावर आणखी २,००० रुपये भरावे लागतात. पासपोर्ट सेवा केंद्र दूर असेल, तर अनेक जिल्ह्यांत टपाल कार्यालयातच ही सोय आहे. नोकरीनिमित्त पुण्यात राहून अर्जात गावाकडचा पत्ता देणाऱ्यांची पोलीस पडताळणी रखडते, म्हणून सध्या प्रत्यक्ष राहत असलेला पत्ताच लिहावा. नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक बदलतो, आणि क्रूझचे आरक्षण जुन्या क्रमांकावर झालेले असेल, तर तो कंपनीच्या नोंदीत आठवणीने दुरुस्त करून घ्यावा लागतो.

पासपोर्टची अवस्थाही नीट पाहावी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या पासपोर्टची पाने लहरतात, फोटोच्या पानावरचे पारदर्शक आवरण कोपऱ्यातून सुटते, शिलाई सैल होते. असा पासपोर्ट घेऊन निघणे म्हणजे काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर सहल सोडून देणे होय. किमान दोन सलग कोरी पाने शिल्लक आहेत ना, हेही मोजून घ्यावे. जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात एखादा अजून वैध असलेला व्हिसा असेल, अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसाच्या बाबतीत असे वारंवार घडते, तर दोन्ही पासपोर्ट एकत्र न्यावेत.

नावाचा प्रश्न

सर्वांत जास्त मनस्ताप याच बाबतीत होतो आणि त्याचे मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या रीतीत आहे. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन शब्द लिहितो. पासपोर्टात मात्र आडनाव आणि ‘दिलेले नाव’ असे दोनच रकाने असतात. त्यामुळे सुनंदा वसंत जोशी या बाईंच्या पासपोर्टात ‘दिलेले नाव’ म्हणून ‘सुनंदा वसंत’ असू शकते किंवा नुसते ‘सुनंदा’ही असू शकते. कंपनीच्या अर्जात पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने समोर आले, की मधल्या रकान्यात काय भरावे असा गोंधळ होतो.

यावर खात्रीचा उपाय पासपोर्टातच छापलेला आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी, यंत्राला वाचता यावे म्हणून, बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत ४४ जागा असतात. पहिल्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांच्या खुणेनंतर आधी आडनाव येते, मग दोन बाण, आणि त्यानंतर दिलेले नाव. त्या दोन बाणांच्या अलीकडचे सारे आडनावाच्या रकान्यात आणि पलीकडचे सारे नावाच्या रकान्यात, अक्षर न अक्षर तसेच भरावे. बँकेत आपले नाव कसे आहे किंवा लग्नपत्रिकेत कसे छापले होते, याचा इथे काहीही संबंध नाही.

लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आले आणि पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा राहिला, ही स्थिती असंख्य घरांत आहे. त्यात बेकायदा काही नाही. परदेशी क्रूझसाठी तिकीट, व्हिसा आणि विमा हे तिन्ही पासपोर्टावरच्या नावानेच काढावेत आणि नोंदणी केलेला विवाहदाखला जवळ ठेवावा. सहल दोन-तीन महिन्यांवर आली असताना नाव बदलण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण अर्धी कागदपत्रे एका नावाची आणि अर्धी दुसऱ्या नावाची झाली की कोणतेच कागद दुसऱ्याला आधार देत नाहीत. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना मोकळाच आहे, त्यांनी दुबईहून निघणारी क्रूझ घेताना विशेष जपावे. पासपोर्टावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेश नाकारायला सुरुवात केली, आणि याच कारणाने कित्येकांना विमानतळावरूनच माघारी फिरावे लागले.

जन्मतारखेचा घोळ ज्येष्ठांच्या बाबतीत होतो. शाळा जूनमध्ये सुरू होत आणि जन्माची नोंद नसलेल्या मुलाची तारीख मास्तर १ जून लावून टाकत. त्यामुळे आपल्याकडच्या एका सबंध पिढीची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, आणि नंतर कुणी कुठेतरी खरी तारीख सांगितल्यामुळे आधारवर एक आणि पासपोर्टावर दुसरी अशी स्थिती होते. परदेशी प्रवासात पासपोर्टावरची तारीख तीच आपली तारीख मानावी आणि विम्याच्या अर्जापासून औषधांच्या चिठ्ठीपर्यंत सगळीकडे तीच लिहावी.

सिंगापूरहून निघणारी जहाजे

मराठी कुटुंबांची पहिली परदेशी क्रूझ बहुधा सिंगापूरची असते. चार-पाच रात्रींत जहाज मलेशियातल्या पोर्ट क्लांग किंवा पेनांगला आणि पुढे थायलंडमधल्या फुकेतला जाऊन परत येते. सिंगापूरसाठी भारतीयांना आधीच व्हिसा काढावा लागतो. इथे समजून घ्यायची गोष्ट अशी, की जहाजात चढताना सिंगापूरमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि पाच दिवसांनी तिथेच उतरताना तो पुन्हा नव्याने केलेला प्रवेश ठरतो. म्हणजे विमानाने आलात तेव्हा एक आणि जहाजाने परतलात तेव्हा दुसरा, असे दोन प्रवेश झाले. व्हिसा हाती आल्यावर प्रवेशांच्या संख्येचा रकाना पाहिल्याशिवाय तो बाजूला ठेवू नये. एकदाच प्रवेशाची मुभा असेल, तर निघण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी.

सिंगापूरचे आगमन कार्ड संगणकावर भरायचे असते, तेही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच. ते सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणारी, हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळे बरीच आहेत, त्यांच्या नादी लागू नये. जहाजाने परत येताना हे कार्ड पुन्हा भरावे लागते आणि त्या वेळी आपण समुद्रावर असतो. जहाजावरचे इंटरनेट महाग असते आणि रखडतही चालते, म्हणून मधल्या बंदरावर उतरलेले असतानाच, फोनला जमिनीवरची रेंज असताना, सगळ्या कुटुंबाचे कार्ड भरून टाकावे.

मलेशियाने भारतीय पर्यटकांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसातून सूट दिली. थायलंडने १ मे २०२५ पासून स्वतःचे डिजिटल आगमन कार्ड सुरू केले. अशा सवलतींना मुदत असते आणि ती वाढते किंवा संपते. म्हणून आरक्षण करताना एकदा आणि निघण्यापूर्वी पंधरा दिवस पुन्हा एकदा, त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आणि कंपनीकडे खात्री करावी. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचा अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी तो आजचा नियम नव्हे.

युरोप आणि अमेरिका

भूमध्य समुद्रातल्या क्रूझसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि तोही अनेकदा प्रवेशाचा मागावा. बार्सिलोना, मार्से, जिनोआ, रोमजवळचे चिविताव्हेक्किया ही सारी बंदरे शेंगेन क्षेत्रातली आहेत, परंतु त्याच फेरीत ट्युनिस किंवा इस्तंबूल असेल, तर तिथे जाताना आपण त्या क्षेत्राच्या बाहेर पडतो. एड्रियाटिक समुद्रात तर हे अंतर काही तासांचे असते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेनमध्ये आला, त्यामुळे दुब्रोव्हनिक आत आहे. त्याच्या शेजारचे कोटोर माँटेनेग्रोत आहे आणि ते बाहेर आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाखतीच्या वेळा मिळत नाहीत, म्हणून तीन-चार महिने हाती ठेवणे शहाणपणाचे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतल्यानंतर किमान तीन महिने वैध असावा, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा असावा. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, याचे उत्तर ज्या देशात सर्वाधिक दिवस जाणार त्याकडे, आणि दिवस सारखेच असतील तर जिथून प्रथम प्रवेश होणार त्याकडे, असे आहे. जहाजात बसण्यापूर्वी आणि नंतर हॉटेलात घालवायचे दिवस या हिशेबात धरावेत, आणि अर्जासोबत बंदरांच्या तारखा आणि सर्व प्रवाशांची नावे असलेला कंपनीचा कागद जोडावा.

अलास्काच्या क्रूझबद्दल एक गैरसमज दिसतो. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या जहाजासाठी अमेरिकेचा व्हिसा पुरेल असे वाटते. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना अमेरिकी बंदरांच्या अशा फेरीत एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते, आणि ते बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. संध्याकाळच्या त्या काही तासांसाठी कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या फेरीत तर दोन्ही देशांचे व्हिसे लागणार हे उघडच आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी नियम नागरिकत्वाप्रमाणे बदलतात. अमेरिकी नागरिक असलेल्यांना, ज्या बंदरातून निघाले तिथेच परतणाऱ्या बहुतेक फेऱ्यांवर, जन्मदाखला आणि सरकारी ओळखपत्र यांवर जाता येते. तरीही पासपोर्ट न्यावाच, कारण मधल्या बंदरात कुणी आजारी पडले किंवा जहाज चुकले, तर जन्मदाखल्यावर विमानाने परत येता येत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या पासपोर्टातला व्हिसा संपलेला असेल, तर वैध आय-९४ नोंदीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या आणि मुक्कामाच्या मुदतीच्या नोंदीच्या, आधारे कॅनडा किंवा मेक्सिकोहून ३० दिवसांच्या आत परतण्याची एक सवलत आहे. ती बहामा किंवा इतर कॅरिबियन बेटांना एच-१बी वाल्यांसाठी लागू नाही, आणि अशा फेऱ्यांत तीच बेटे हटकून असतात.

मुंबईहून श्रीलंकेची फेरी घेणाऱ्या परदेशी पासपोर्टधारकांनाही हाच पुन्हा प्रवेशाचा विचार करावा लागतो. ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, असेल तर ते मूळ स्वरूपात सोबत ठेवावे. पर्यटक व्हिसावर आलेल्या जावयाने किंवा सुनेने आपल्या व्हिसावर किती प्रवेश आहेत आणि त्या बंदरातून परत आत येता येते का, हे आधी पाहावे.

नातवंडांना घेऊन जाताना

आजी-आजोबा नातवंडांना घेऊन क्रूझला जातात, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलाबरोबर आई-वडील नसतील किंवा दोघांपैकी एकच असेल, तर जे बरोबर नाहीत त्यांचे संमतिपत्र नोटरीकडून करून घ्यावे. त्यात जहाज, तारखा, बंदरे आणि आजारपणात उपचारांचा निर्णय कुणी घ्यायचा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. सोबत मुलाचा जन्मदाखला आणि आई-वडिलांच्या पासपोर्टांच्या प्रती ठेवाव्यात. आजी आईच्या आईच्या नात्याने बरोबर असेल, तर तिचे आणि नातवाचे आडनाव वेगळे असते आणि नाते केवळ तोंडी सांगून पटत नाही.

निघण्याच्या दिवशी

टर्मिनलच्या दाराशी मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात दिल्या जातात, त्या क्ष-किरण तपासणीतून जाऊन संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. त्या बॅगांत कोणताही कागद ठेवू नये. सिंगापूरला माझ्या मावशीने पासपोर्ट सुरक्षित राहावा म्हणून साड्यांच्या घडीत घालून बॅगेत ठेवला होता आणि बॅग दाराशीच देऊन टाकली. रांगेत पुढे सरकून काउंटरशी पोहोचल्यावर तिने पर्स उघडली, औषधांची डबी, जपमाळ, चष्म्याचे घर एकेक करून काउंटरवर काढून ठेवले, आणि मग तिला आठवले. बॅगांच्या ढिगातून तिची लाल रिबीन बांधलेली बॅग सापडेपर्यंत जवळजवळ तास गेला. तेवढा वेळ ती प्लास्टिकच्या खुर्चीवर मुकाट बसून होती आणि आम्ही तिघे तिच्याभोवती उभे होतो. तेव्हापासून आमच्याकडे पासपोर्ट गळ्यातल्या कापडी पिशवीत, कपड्यांच्या आत असतो.

त्या पिशवीत पासपोर्ट, व्हिसाच्या छापील प्रती, चढण्याचा पास, विम्याचा क्रमांक आणि आणीबाणीचा फोन क्रमांक एवढेच असावे. सगळ्यांच्या कागदपत्रांच्या प्रतींचा एक संच दुसऱ्या माणसाच्या हातातल्या बॅगेत ठेवावा आणि एक संच घरी मागे राहिलेल्या कुणाकडे द्यावा. काही जहाजांवर इमिग्रेशनच्या सोयीसाठी पासपोर्ट जमा करून घेतात. ही रीतच आहे, घाबरू नये, मात्र पावती घ्यावी आणि कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मजल्यावर परत मिळेल हे त्याच वेळी विचारून लिहून ठेवावे. बंदरावर फिरायला उतरताना जहाजाचे कार्ड आणि पासपोर्टची प्रत जवळ लागते. मूळ पासपोर्टही न्यायचा की तिजोरीत ठेवायचा, हे त्या बंदराच्या नियमावर असते आणि जहाजावर आदल्या रात्री त्याची सूचना मिळते.

मधल्या बंदरात पासपोर्ट हरवलाच, तर आधी जहाजाच्या प्रतिनिधीला कळवावे, स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. दूतावास तातडीचे प्रमाणपत्र देऊ शकतो, पण ते एकदाच आणि थेट भारतात परतण्यासाठी असते. त्यावर पुढची बंदरे करता येत नाहीत, आणि जहाज ठरलेल्या वेळी निघून जाते. अशा वेळी सर्वांनी उतरू नये. ज्याचा पासपोर्ट हरवला त्याच्याबरोबर एकाने थांबावे, त्याची औषधे आणि सामान जहाजावरून उतरवून घ्यावे, आणि बाकीच्यांनी जहाज सुटण्यापूर्वी विमा कंपनीला कळवून टाकावे, कारण परतीच्या विमानाचे तिकीट आणि तिथल्या मुक्कामाचा खर्च मागताना पोलीस तक्रारीची तीच प्रत पुढे करावी लागते.